एका चाकाची रेघ

"हवा पे अब भरोसो नईं रओ, जनूभैया," परमलाल म्हणाला. "ठोस टायर चढ़ा दो. न हवा, न पंक्चर, न तुमाई दुकान."

"चढ़ा देंगे," जनार्दन म्हणाला. "पर फिर दूध मत बेचना, मठा बेचना. गाँव से यहाँ तक आते-आते अपने आप मथ जाएगा."

परमलालला हसू आलं, पण त्यानं ते मिशीतच दाबलं. बबीनाच्या वाटेवरच्या खेड्यातून तो रोज झाशीत दूध आणायचा. सायकलच्या दोन्ही बाजूंना दोन कॅन, मधे परमलाल, आणि परमलालही काही हलका गडी नव्हता. या आठवड्यात सराट्याच्या काट्यांनी त्याला तिसऱ्यांदा रस्त्यात बसवलं होतं.

रेल्वेच्या वर्कशॉपसमोर कडुनिंबाखाली जनार्दन साळवीचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर एक पत्रा, खाली एक पेटी, पाण्याचं घमेलं आणि हवेचा पंप. तेहतीस वर्षं वॅगन शॉपात फिटर म्हणून काढली, आणि रविवारी हौसेनं करायचा ते काम निवृत्तीनंतर तो रोज करू लागला. मराठी घरांत तो जनूकाका, बाकी साऱ्या झाशीला जनूभैया. टायरबद्दलचं त्याचं मत विचारावं लागत नसे. पंक्चर काढता काढता ते आपोआप मिळायचं, आणि त्याचे पैसे तो घेत नसे.

आजही मिळालं. भरीव टायर फुटत नाही हे खरं, पण रस्त्यातला एकेक खडा तुमच्या मणक्यात नेऊन पोचवतो. कंगोऱ्याचा जुना टायर हवेच्या जोरावर रिमला धरून असतो, हवा गेली की त्याचाही जीव गेला. तारेचा टायर जड, पळायला आळशी, पण इमानी. पंक्चर झाला तरी जागा सोडत नाही. दोन पट्ट्या घालून उघडा, ट्यूब काढा, सुलेशन लावून ठिगळ डकवा, चला घरी.

"और बो सिलो भओ टायर?" परमलालनं बोटांनी शिवल्याची खूण करत विचारलं. "रेसबारो? सुनी है कि चिरैया घाईं उड़त है."

जनार्दननं घमेल्यातली ट्यूब पाण्याखाली दाबून धरली. बुडबुडे वर येत राहिले.

"वो हम नहीं रखते," तो म्हणाला.

ठिगळ वाळेपर्यंत हात झटकायला तो रस्त्याच्या कडेला गेला, आणि तिथं त्याला ती पुन्हा दिसली.

धुळीत एक रेघ. करंगळीएवढी रुंद, गुळगुळीत. तारेच्या टायरची चौकटीचौकटीची नक्षी तिला नव्हती. ठरावीक अंतरावर तिच्यात एक तिरका ठसा उठला होता, जवाच्या दाण्याएवढा. परवा पहिल्यांदा दिसली तेव्हा जनार्दननं ती झाडूनं पुसून टाकली होती. काल दिसली तेव्हा झाडू हातात धरून नुसता उभा राहिला. आज त्यानं पेटीतली सुतळी काढली आणि एका ठशापासून दुसऱ्या ठशापर्यंतचं अंतर मोजलं. सात फुटांना बोटभर कमी.

सायकलच्या दोन चाकांच्या दोन रेघा उमटतात. पुढचं चाक जरा इकडेतिकडे होतं, मागचं सरळ येतं, आणि दोन्ही रेघा वेणीच्या पेडांसारख्या एकमेकींत जातात. ही रेघ एकच होती. दुकानाच्या पेटीपर्यंत आली होती, पेटीभोवती अर्धी वळली होती आणि परत गेली होती. शेजारी पाऊल एकही नव्हतं.

"का हिरा गओ, भैया?" काही हरवलंय असं वाटून परमलालनं मागून विचारलं.

"कुछ नहीं," जनार्दन म्हणाला, आणि परमलालकडे पाठ करून सुतळी गुंडाळू लागला.

दुपारी प्रेम नगरच्या घरी जेवायला बसला तर शकुंतला, त्याची बायको, आमटी वाढता वाढता म्हणाली, "सिंधूच्या बकुळचं पुन्हा फिसकटलं."

"कोण म्हणालं?"

"कुणी म्हणायला कशाला हवं? सकाळी सिंधू नळावर भेटली. तोंडानं बोलली नाही, पण हंडा अर्धाच भरून घेऊन गेली. मग मी बकुळला विचारलं. ग्वाल्हेरच्यांना मुलगी पसंत होती, पत्रिका जुळली होती. मग कुणीतरी त्यांच्या कानात घातलं की मुलीचा बाप भांग पिऊन सायकलवर बसला आणि मेला. भंगेड्याची मुलगी नको म्हणाले." शकुंतलेनं पळी आपटली. "तिसरं स्थळ हे. एकोणीस वर्षं झाली, पण या गावाला बरं सगळं आठवतं. उधार नेलेली परात तेवढी आठवत नाही."

जनार्दन भात कालवत राहिला.

"तुम्ही तर होतात ना तिथं," ती म्हणाली. "खरंच प्यायला होता का हो तो?"

"भात वाढ."

"पानातला आहे तसाच आहे."

"मग ताक वाढ."

तिनं ताक वाढलं. त्याच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं, आणि मग स्वतःचं पान घेऊन दुसऱ्या बाजूला बसली.

बकुळचा बाप विद्याधर मालगोदामात कारकून होता. किडकिडीत, हसरा, आणि सायकलवर बसला की वेगळाच कुणीतरी. झाशीतल्या हौशी मंडळींनी काढलेल्या एका क्लबाची दर वर्षी होळीनंतर शर्यत व्हायची, गावातून बबीनापर्यंत आणि परत. विद्याधर दोनदा दुसरा आला होता. एकोणचाळीस साली त्याला कुठल्याशा साहेबानं विलायतेला परतताना आपल्या सायकलचे शिवलेले टायर देऊन टाकले. असा टायर म्हणजे पोटात ट्यूब घालून नळीसारखा चहूबाजूंनी शिवून टाकलेला, चिमटीत उचलावा इतका हलका. त्याला तार नाही, कंगोरा नाही. रिमला तो नुसता चिकटवायचा असतो. सगळा भरवसा त्या चिकटवण्यावर.

विद्याधरनं ते जनार्दनकडे आणले. पुढच्या टायरवर एक चीर होती. जनार्दननं तिच्यात रबराचा जवाएवढा तुकडा बसवून ती भरून काढली. मग चिकटवायचा विलायती मसाला काढायला डबी उघडली, तर तो आत वाळून खडा झालेला. शर्यत दुसऱ्या दिवशी पहाटे.

"तारेचे लावू का?" जनार्दननं विचारलं होतं.

"जनूभाऊ, तारेच्या टायरवर मी दोनदा दुसरा आलोय," विद्याधर म्हणाला. "घरी नवं माणूस येणार आहे. त्याच्या आधी एकदा पहिला येऊ द्या."

मुंबईला कुणी म्हातारा मिस्त्री लाखेनं टायर चिकटवायचा असं जनार्दननं ऐकलं होतं. तो दतिया गेटला एका बांगडीवाल्या लखेऱ्याकडे गेला. लखेरा निखाऱ्यांवर लाख धरून मऊ करत होता आणि तिची बांगडी वळत होता. जनार्दन समोर उभा राहून ते बघत होता. स्वतःच्या डोळ्यांनी बघत होता. मग त्यानं लाख विकत घेतली, स्पिरिटमध्ये विरघळवली, रिमला दोन हात दिले आणि टायर बसवला. सकाळी अंगठ्यानं ढकलून पाहिलं तर टायर दगडासारखा घट्ट.

पहाटेच्या गारव्यात शर्यत झाली असती तर कदाचित काही झालं नसतं. पण निशाण दाखवायला येणाऱ्या पाहुण्यांची गाडी लेट झाली आणि निशाण पडलं अकरानंतर. मार्च संपत आलेला, झाशीचं ऊन. परतीच्या वाटेवर, रेल्वे फाटकाच्या अलीकडे उतार आहे आणि उताराच्या तोंडाशी वळण. विद्याधर सगळ्यांच्या पुढे होता. वळणावर त्यानं ब्रेक लावला. उन्हानं तापलेली रिम ब्रेकनं आणखी तापली, आणि पुढचा टायर सापानं कात टाकावी तसा रिमवरून सरकला. कोपऱ्यावर मैलाचा दगड होता.

सर्वांत पहिला तिथं पोचला तो जनार्दन. त्यानं आधी विद्याधरचं डोकं मांडीवर घेतलं. मग, का कुणास ठाऊक, रिमला हात लावला. बोटांना चिकट लागलं. त्यानं ती बोटं आपल्या विजारीला पुसली.

तीन दिवसांपूर्वीच रंगपंचमी झाली होती. साऱ्या गावानं भांग प्यायली होती. क्लबाची कमिटी बसली. तिनं जनार्दनला एकच प्रश्न विचारला, टायर ठीक होता का? आणि जनार्दननं एकच उत्तर दिलं. ठीक होता, साहेब. पुढचं कमिटीनं स्वतःच लिहिलं: भांगेच्या अमलाखाली तोल गेला. आठव्या महिन्यातली सिंधू तेव्हा खाटेवरून उठत नव्हती.

त्यानंतर जनार्दननं शिवलेल्या टायरला हात लावला नाही.

जेवण झाल्यावर तो रोज तासभर आडवा व्हायचा. त्या दिवशी तो चपला घालून बाहेर पडला आणि दुकानाकडून त्या रेघेच्या मागं चालू लागला.

दुपारी दोनला त्या रस्त्यावर कुत्रंही नसतं. झाडांच्या सावल्या झाडांच्या पायाशी गोळा होऊन बसलेल्या. बैलगाड्यांनी, टांग्यांनी रेघ मधून मधून खाल्ली होती, पण दहा पावलांवर ती पुन्हा उमटायची. कडेकडेनं, सरळ, घाई नसलेली. दर सात फुटांना तो जवाचा दाणा. जनार्दनला वाटलं, आपण चालतोय ते या दाण्यांच्या तालावर. त्यानं मुद्दाम एक पाऊल आखूड टाकलं. थोड्या वेळानं पाहिलं तर पाऊल पुन्हा दाण्यावरच पडत होतं.

रेघ वळणापर्यंत गेली. मैलाच्या दगडाशी पोचून ती दगडाभोवती फिरली, एकदा नाही, तीनदा, देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी. आणि मग आल्या वाटेनं परतली.

फाटकवाला आपल्या खोलीच्या दारात बिडी ओढत बसला होता. जनार्दननं त्याला विचारलं, इथून सकाळी कोण जातं?

फाटकवाल्यानं बिडी विझवली. "हमसें न पूछो, भैया. भुनसारें एक चका कढ़त है. तीन-चार दिनाँ हो गए."

"चलानेवाला कौन है?"

"ओई तो." त्यानं आवाज खाली आणला. "चका दिखात है, चलाबे वारो नईं दिखात. शेड को धुआँ परो रत है, ऊ में से चका आउत है, और ओई में चलो जात है. हमने तो किबाड़ दै लए."

परत येताना जनार्दननं रस्त्याची दुसरी कड धरली. पाठीमागून कुणी घंटी वाजवेल असं त्याला वाटत राहिलं, आणि विद्याधरच्या सायकलला घंटी नव्हती हे आठवून आणखीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमारास तो दुकानाच्या पेटीवर येऊन बसला. शकुंतलेला त्यानं काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, फक्त जाताना त्याच्या खांद्यावर उपरणं टाकलं.

लोको शेडमध्ये इंजिनं पेटवली जात होती. वारा पडलेला असला की त्यांचा धूर वर जात नाही. तो रस्त्यावर उतरतो आणि गुडघाभर, कमरेभर भरून राहतो. आज तो छातीपर्यंत होता, आणि वरून उजेड यायला लागल्यामुळे दुधासारखा दिसत होता. कडुनिंबाची पानंही हलत नव्हती.

आधी आवाज आला. खर्रर्र, आणि मग एक बारीक टप्. खर्रर्र, टप्. तो दाणा जमिनीला टेकत होता.

मग धुरातून चाक आलं.

एकटंच. उभं, सरळ, सावकाश. जनार्दननं पेटीची कड दोन्ही हातांनी धरली. चाक त्याच्यापासून पाच-सहा पावलांवर आलं, आणि त्याच्या मागं, धुरासारख्याच पांढऱ्या लुगड्यातून, एक हात दिसला. नुसती हाडं आणि शिरा. तो हात चाकाच्या वरच्या कडेवर होता आणि त्याला हलकेच पुढं लोटत होता.

ती विद्याधरची आई होती. यमुनाबाई.

सराटे टोचू नयेत म्हणून ती गटाराच्या दगडी काठावरून अनवाणी चालत होती आणि हात लांब करून चाक तेवढं धुळीतून आणत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, धुवट पातळ पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. भूत नाही म्हणून सुटकेचा श्वास सोडावा, तर तिनं तो सोडूच दिला नाही.

"आज उघडलंस वाटतं," ती म्हणाली. "रोज येते, तर कुणी नाही. जनू, हे चाक बघ. रविवारी विद्याधरची शर्यत आहे."

"मावशी," जनार्दन पुटपुटला. "तुम्ही एकट्या... इतक्या लांब?"

"मोठ्यानं बोल. मला इंजिनाच्या शिट्टीपलीकडे काही ऐकू येत नाही."

तिनं चाक त्याच्या मांडीवर टेकवलं. एकोणीस वर्षांत टायरमधली ट्यूब कुजून गेली असणार. म्हातारीनं शिवण उसवून आत जुन्या लुगड्याच्या चिंध्या ठासल्या होत्या आणि पुन्हा शिवलं होतं. टाके बारीक, सारखे, कसलेल्या हाताचे. जनार्दननं अंगठ्यानं चाक फिरवलं. जवाचा दाणा वर आला. त्याचा स्वतःच्या हातचा.

"सिंधूनं होळीला माळा झाडला, तेव्हा खाली काढलं," यमुनाबाई सांगत होती. "पोर चाकाशिवाय कसा गेला असेल, म्हणून त्या दगडापर्यंत जाऊन बघून येते. तिथं नसतो. तू मसाला लाव आणि नीट बसव." तिनं वाकून त्याच्या कानाजवळ तोंड आणलं. तिच्या श्वासाला लवंगेचा वास होता. "या खेपेला लाख लावू नकोस."

जनार्दनच्या मांडीवरचं चाक घसरलं. तिनंच ते धरलं.

"तुम्हाला कसं..." त्यानं विचारलं, मग ओरडून विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"अरे, चाक घरी आणून टाकलं ना लोकांनी. मी पुसायला घेतलं. नव्या बांगड्यांना येतो तो वास. जन्मभर बांगड्या भरल्या, मला लाख कळणार नाही?" तिनं त्याच्याकडे पाहिलं, पण ती नक्की कोणत्या सालातून पाहत होती ते कळत नव्हतं. "मी सांगितलं सगळ्यांना. दीर म्हणाले, पोराची भांग झाकायला म्हातारी लाखेचं निमित्त करते. सुनेला वाटलं, माझं डोकं फिरलं. मग मी गप्प बसले. पोरगा गेलेला, त्यात आणखी भांडण कुठं करायचं?"

गावातून पहिला टांगा आला. धूर विरळ व्हायला लागला. जनार्दन उठला, एका हातात चाक घेतलं आणि दुसऱ्या हातानं म्हातारीचा दंड धरला.

"चला, घरी सोडतो," तो म्हणाला. ती ऐकू न येताही चालू लागली.

रेल्वे क्वार्टरांच्या गल्लीत सिंधू दारासमोरच उभी होती, केस तसेच सोडलेले, पायांत एक चप्पल. रेल्वेच्या शाळेत शिवण शिकवणारी, कधी परीटघडी न मोडलेली बाई. तिच्यामागून बकुळ धावत आली.

"आजी! आप फिर चली गईं!" तिनं म्हातारीला मिठीच मारली. मग जनार्दनकडे वळली. "काका, हे रोजच... हमको पता ही नहीं चलता. आम्ही उठतो तेव्हा आजी घरात, बस पाय मैले."

सिंधूनं जनार्दनच्या हातातल्या चाकाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा मिटला.

"त्रास झाला तुम्हाला, भाऊजी," ती म्हणाली. "द्या ते. आज मी ते भंगारात घालते. एकदा घर बुडवलं, पुरे झालं."

"वहिनी," जनार्दन म्हणाला. "आधी माझं ऐकून घ्या."

त्यानं हळूच सांगायला सुरुवात केली. रात्रभर मनात जुळवलं असतं तर नीट सांगता आलं असतं, पण मनात जुळवायला त्याला एकोणीस वर्षं मिळाली होती आणि त्यानं ती वापरली नव्हती. डबीतला वाळलेला मसाला, दतिया गेटचा लखेरा, अकरानंतरचं ऊन, असं तुटक तुटक बाहेर येत होतं.

"काय म्हणतोय तो?" यमुनाबाईनं बकुळला ढोसलं. "मला ऐकू येईल असं सांग म्हणावं. माझ्या मुलाचं सांगतोय ना?"

जनार्दननं म्हातारीकडे पाहिलं. मग त्यानं चाक भिंतीला टेकवून ठेवलं, आणि पूर्वी वॅगन शॉपात हातोड्यांच्या आवाजावरून माणसाला हाक मारायचा तसा बेंबीच्या देठापासून ओरडला.

"टायर मी लाखेनं चिकटवला होता! उन्हानं लाख पातळ झाली! विद्याधरनं भांग प्यायली नव्हती! कमिटीला मी खोटं सांगितलं!"

पलीकडच्या भिंतीवरची कबुतरं उडाली. गल्लीतली दारं एकामागून एक उघडायला लागली.

"तेच तर मी म्हणत होते," यमुनाबाई म्हणाली, आणि पदरानं नाक पुसलं.

बकुळला शब्द सापडले ते हिंदीच. "आप तब क्यों नहीं बोले, काका?"

"त्या दिवशी भीती वाटली," जनार्दन म्हणाला. आता त्याचा आवाज पुन्हा खाली आला होता. "दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीची लाज वाटली. मग रोज एकेक दिवस वाढत गेला, बेटा. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता तू एवढी झालीस."

सिंधूनं दाराच्या चौकटीला हात टेकला होता. रडेल, शिव्या देईल, दार लावून घेईल, असं जनार्दनला वाटत होतं, आणि यातलं काहीही चाललं असतं.

"मी त्यांच्यावर रागावले होते," ती अखेर म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. "तेराव्याला सुद्धा मनातून म्हटलं, माझ्या पोटात पोर असताना तुम्हाला नशाच सुचली. म्हातारी बाई सांगत होती, तिचं ऐकलं नाही. एकोणीस वर्षं मी एका माणसाशी अबोला धरला, आणि त्यानं काही केलंच नव्हतं."

गल्लीत आता दहा-बारा माणसं जमली होती. ड्यूटीवरून परतलेला पॉइंट्समन हातातला कंदील विझवायचा विसरून उभा होता. बायका दारांत, पदर तोंडाशी. "का हो गओ? मराठी में काय चिल्लया रए?" कुणीतरी विचारलं. "कोउ मर गओ का?" दुसऱ्यानं विचारलं.

सिंधूनं ते ऐकलं. तिनं दोन्ही हातांनी केस मागं घेतले आणि घट्ट अंबाडा घातला. आत जाऊन पाट आणला आणि तो उंबऱ्यातच, सगळ्यांना दिसेल असा मांडला. सासूचा हात धरून तिला त्यावर बसवलं, तिचा पदर सारखा केला. मग स्वतः तिच्या शेजारी ताठ उभी राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "आता हिंदीत सांगा. या गल्लीनं त्यांना भंगेडी म्हटलं ते मराठीत नव्हतं म्हटलं."

जनार्दन वळला. समोर सगळे ओळखीचे चेहरे होते. प्रत्येकाची सायकल त्यानं कधी ना कधी उलटी टांगली होती. त्यानं घसा साफ केला. हिंदी त्याला रोजची होती, पण एवढी जड कधी लागली नव्हती.

"सुनो सब जने," तो म्हणाला. "बिद्याधर ने भांग नईं पी हती. टायर हमने चिपकाओ हतो. गलत चिपकाओ हतो. और फिर हमने झूठ बोलो."

पॉइंट्समननं डोक्यावरची टोपी काढली.

पाटावर बसलेल्या यमुनाबाईला यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ती गुडघ्यांवर हात ठेवून, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत, प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे सावकाश बघत चालली होती.